डाव्या गालाच्या पेशी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. खुर्चीत बसून मी कधी शिकवलं नाही. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत आणि परत, अशा तासाला किती फेऱ्या व्हायच्या कोण जाणे. पहिल्या बाकावरची मुलं माना वळवून वळवून कंटाळायची. नव्वदच्या आसपास पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात मला जीवशास्त्राची नोकरी लागली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. राहायला नवीन पनवेलात भावाच्या फ्लॅटवर आणि मनाने सतत दुसरीकडेच. दोन वर्षं इथे काढायची, मग पीएच.डी., मग पुणं, मग पुढचं पुढे, असा बेत होता. त्यामुळे हातात असेल ते काम पटकन उरकायचं आणि पुढच्याला भिडायचं, ही सवय लागली होती. लोक मला हुशार आणि चटपटीत म्हणायचे. मीही ते खरं धरून चालले होते.

आमची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, हायवेच्या बाजूला. जड ट्रक गेला की ट्रेमधल्या काचपट्ट्या किणकिणायच्या आणि मुलांनी कष्टाने लावलेला फोकस हलायचा. ही प्रयोगशाळा कागदोपत्री माझ्या ताब्यात होती, पण तिचा खरा कारभार मामांकडे होता. मामा म्हणजे आमचे परिचर. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, कोन फाट्याच्या पलीकडच्या गावातून रोज सायकल मारत यायचे. पंधरा वर्षं त्यांनी या चार भिंतींत काढली होती. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कुठल्या बाटलीत काय आहे हे वासावरून आणि बुचावरून सांगायचे. मायक्रोस्कोपची भिंगं त्यांच्याशिवाय कोणी पुसलेली त्यांना चालत नसत. मुलं हात लावून फोकस बिघडवायची आणि मामा न बोलता येऊन, एक डोळा मिटून, दोन बोटांनी तो पुन्हा लावून द्यायचे.

एक खोड होती. तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरायचा, दिवसभर. प्रयोगशाळेत मात्र कधी थुंकले नाहीत. प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी गॅलरीतल्या नळावर जाऊन खळखळून चूळ भरून यायचे.

त्या चुळीला कारण होतं. अकरावीच्या पहिल्या टर्मला ऊतींचं प्रॅक्टिकल असतं. दातकोरणीच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, निघेल ते काचपट्टीवरच्या मिठाच्या पाण्यात मिसळायचं, मेथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकायचा, वर नाजूक काच ठेवायची आणि बघायचं. पुस्तकाप्रमाणे प्रत्येक मुलाने स्वतःचा गाल खरवडायला हवा. पण मी यायच्या बऱ्याच आधी एका मुलीने जोर लावला, रक्त आलं, दुसऱ्या दिवशी तिचे वडील कॉलेजात येऊन हुज्जत घालून गेले. तेव्हापासून मुलांच्या तोंडाला हात लावायचा नाही असं आमच्या विभागप्रमुखांनी ठरवलं. मग पेशी आणायच्या कुठून? मामा म्हणाले, माझा गाल घ्या. तेव्हापासून दर वर्षी, प्रत्येक बॅचच्या वीसच्या वीस काचपट्ट्या मामांच्या गालाच्या. ते स्वतःच आरशात न बघता खरवडायचे, स्वतःच पसरवायचे, स्वतःच रंगवायचे, आणि माझ्यापेक्षा चांगलं करायचे. अख्ख्या तालुक्याचे डाक्टर माझा गाल बघून झालेत, असं ते मुलांना चिडवत सांगायचे. मुलं हसायची. मलाही हे फार सोयीचं होतं, कारण दोन तासांचं प्रॅक्टिकल पाऊण तासात आटपायचं.

शिकवायला मला हा धडा आवडायचा. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं, अभिस्तर ऊती एकदम एपिथेलियल टिश्यू होऊन समोर आली की गांगरायची. मी दोन्ही नावं फळ्यावर लिहून झरझर सांगून टाकायचे. शरीरात ऊती चार तऱ्हेच्या. एक झाकते, एक जोडते, एक ओढते आणि एक निरोप पोचवते. झाकते ती अभिस्तर. तिचं वर्गीकरण करताना प्रश्न दोनच विचारायचे: थर किती आणि सगळ्यात वरच्या थरातली पेशी दिसते कशी. एकच थर असेल तर सरल, थरावर थर असतील तर स्तरित. पेशी चपटी असेल तर पट्टकी, ठोकळ्यासारखी असेल तर घनाभरूप, उंच असेल तर स्तंभीय. फुप्फुसात हवा पलीकडे जायला हवी, म्हणून तिथे एकच चपटा थर. आतड्यात अन्न शोषून घ्यायचं असतं, तिथे उंच पेशी. आणि जिथे सारखं घासलं जातं तिथे पुष्कळ थर, म्हणजे वरचे झिजले तरी खालचे शिल्लक. त्यातही फरक आहे. कातडीच्या अगदी वरच्या पेशी मेलेल्या, सुकलेल्या, त्यांच्यात केंद्रकच उरलेलं नसतं. गालाच्या आत मात्र वरपर्यंत पेशी जिवंत, ओलसर, आणि प्रत्येकीच्या पोटात केंद्रकाचा गडद निळा ठिपका. हा फरक परीक्षेत हमखास विचारतात म्हणून मी तो दोनदा सांगायचे, टेबलावर डस्टर आपटून.

प्रॅक्टिकलचं आणखी एक आहे. मायक्रोस्कोपमध्ये दिसेल ते जर्नलमध्ये काढायचं, असा नियम. प्रत्यक्षात कोणी तसं करत नसे. बारावीत गेलेल्या मुलांची पूर्ण झालेली जर्नलं अकरावीत यायची, खिडकीच्या काचेवर पान धरून आकृती गिरवली जायची, आणि माझ्या टेबलावर साठ जर्नलांत तेच सहा षटकोनी, त्यांत तेच सहा ठिपके यायचे. मला हे माहीत होतं. मी स्वतःही शिकताना तेच केलं होतं. मी पानं उलटत लाल पेनाने सही करत जायचे. मायक्रोस्कोपला डोळा लावायला उठायचे नाही, कारण तिथे काय दिसणार हे मला पाठ होतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी एक जर्नल वेगळं आलं. मुलगी डोंगराकडच्या एका ठाकूरवाडीतली. आईबाप आठ महिने वीटभट्टीवर, ही गावातल्या वसतिगृहात राहून शिकत होती. वर्गात तिचा आवाज मी वर्षभरात दोनदा ऐकला असेल. तिच्या ओळखीचं बारावीत कोणी नव्हतं, म्हणून तिला गिरवायला जर्नल मिळालं नव्हतं. तिने जे दिसलं ते काढलं होतं: वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या पेशी, घड्या पडलेल्या, आणि सगळ्या रिकाम्या. एकीतही केंद्रक नाही. मी कपाळाला आठ्या घातल्या, आडवी लाल रेघ मारली आणि "रिपीट" लिहिलं.

आठवड्याने ते जर्नल पुन्हा टेबलावर. शेजारच्या पानावर नवी आकृती, आधीपेक्षा नीट, आणि तशीच रिकामी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं की पुस्तक उघडून बघायचे कष्ट घेतलेत का. ती खाली मान घालून उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, मी तीन स्लाइड बघितल्या. ठिपका कुठंच नाही. कातडीसारख्या आहेत."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हटलं, चल दाखव. तिला तोंडावर पाडायचं म्हणूनच उठले, हे आज कबूल करायला हरकत नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावला. निळसर, पातळ, घड्या पडलेले तुकडे. पट्टी सरकवली. परत तेच. मोठं भिंग लावलं. एका कोपऱ्यात एक पेशी ठिपकेवाली सापडली, बाकी सगळ्या कोऱ्या. मी मामांवर घसरले. रंग जुना झालाय, तुमचं लक्ष नाही, मुलांचं वर्ष वाया जातंय, असं बरंच बोलले. मामांनी नवी बाटली काढली, नव्या पट्ट्या केल्या. त्यांतही तेच.

मुलं घरी गेल्यावर मी चिडून एक दातकोरणी घेतली आणि स्वतःचा गाल खरवडला. तोच रंग, तेच पाणी, तोच मायक्रोस्कोप. बघते तर प्रत्येक पेशीत गडद निळा ठिपका, पुस्तकात असतो तसाच.

मी सरळ उभी राहिले. मग पुन्हा बसले. पुन्हा उठले. डस्टर आपटून दर वर्षी मी जे सांगत होते ते माझ्याच कानात वाजायला लागलं. गालाच्या पेशी कातडीसारख्या का होतील? काहीतरी त्यांना रोज घासतंय, भाजतंय, जाड करतंय, म्हणून. आणि जाड व्हायला लागलेली जागा कुठे जाऊन थांबेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मी डॉक्टर नव्हते, पण एवढं मला कळत होतं, आणि कळायला इतका उशीर झाल्याची लाज अंगभर पसरली.

मामांना खिडकीजवळ उभं करून मी तोंड उघडायला सांगितलं. ते संकोचले. चूळ भरून आले. डाव्या गालाच्या आत दोन बोटं रुंदीचा पांढुरका चट्टा होता, दुधावर साय धरावी तसा, मधे मधे लालसर. चमच्याच्या दांड्याने हलकेच टेकवलं तर खरखरीत लागला. उजवा गाल स्वच्छ होता. मामा उजव्या हाताने खरवडायचे, म्हणून दर वेळी डावाच गाल, आणि तंबाखूही तिथेच.

कधीपासून आहे विचारलं तर म्हणाले, असंल दोन वर्सं. दुखत नाय, रगत येत नाय. जेवतंय, झोपतंय. मग डाक्टर कशाला? मी सांगायला लागले तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी तो रोगाचा शब्द उच्चारला तेव्हा त्यांनी ट्रे उचलला आणि धुवायला निघून गेले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी त्यांना भंडावून सोडलं. सकाळी आल्या आल्या, दुपारच्या सुट्टीत, सायकलला कुलूप लावताना. आज जाऊ, मी येते बरोबर. ते म्हणायचे, बघू सोमवारी. सोमवारी म्हणायचे, दुसऱ्या बॅचचं परॅक्टिकल हाय. मी दिसले की ते सामानाच्या खोलीत शिरायचे. वर्गात मी शिकवताना मध्येच थांबायचे आणि काय बोलत होते ते विसरायचे. रात्री वहिनी म्हणायची, किती येरझाऱ्या घालतेस, खालचे लोक काय म्हणतील. तंबाखू मात्र मामांनी सोडली नव्हती. उलट माझ्या तगाद्याने वाढवली असावी.

शेवटी मला कपाटातली लाकडी पेटी आठवली. दर वर्षीच्या चांगल्या पट्ट्यांपैकी एक कायमची बसवून ठेवायची, असा आमच्या विभागप्रमुखांचा शिरस्ता होता, तपासणीला कोणी आलं तर दाखवायला. पेटीत गालाच्या सहा पट्ट्या सापडल्या, प्रत्येकीवर वर्षाची चिठ्ठी. रंग फिके झाले होते, पण दिसत होतं. पहिल्या चारांत ठिपके व्यवस्थित. पाचवीत, म्हणजे मी रुजू झाले त्या वर्षी, अर्ध्या पेशी कोऱ्या. सहावीत कोऱ्याच जास्त. पाचव्या आणि सहाव्या चिठ्ठीवर माझं अक्षर होतं. चांगली पट्टी म्हणून मीच निवडल्या होत्या. न बघता निवडल्या होत्या, कारण मामांनी केलेली पट्टी चांगलीच असणार.

मी मामांना बोलावलं आणि एकेक पट्टी क्रमाने लावून बघायला सांगितलं. त्यांनी सवयीने एक डोळा मिटला. पहिली बघितली, दुसरी बघितली. पाचवीवर बराच वेळ थांबले. सहावी बघून डोळा बाजूला केला, रुमालाने भिंग पुसलं आणि म्हणाले, "जुना रंग हाय, मॅडम. उडतो."

हे ऐकून माझा संयम संपला. त्या रविवारी मी रिक्षा करून त्यांच्या गावी गेले. मामा नव्हते, बांधावर गेले होते. घरात त्यांची बायको होती, ठेंगणी, ठसठशीत, हाताला तांदळाचं पीठ लागलेलं. मी ओटीवर बसले आणि मागचापुढचा विचार न करता सगळं सांगून टाकलं. हे मी करायला नको होतं, असं अनेकांनी नंतर मला सुनावलं. माणसाचं दुखणं त्याला विचारल्याशिवाय त्याच्या घरात नेऊन ठेवायचं नसतं, आणि तेही परक्या बाईने. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या बाईने पीठ पुसलं, एकच विचारलं, "मशिनीत दिसलं काय?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन पनवेलच्या डॉक्टरांकडे हजर. डॉक्टरांनी चट्टा बघितला आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं. कामापुरतं हं, नाय, एवढंच. मुंबईला जायच्या दिवशी मी स्टँडवर गेले, तिघं लाल गाडीत बसलो, आणि पूर्ण रस्ताभर मामांनी खिडकीबाहेर तोंड केलं होतं. हॉस्पिटलमध्ये गालाचा छोटा तुकडा काढून घेतला. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं की दुखत नसताना हे लक्षात कोणाच्या आलं. मामांच्या बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

रिपोर्टला आठवडा होता. त्या आठवड्यात मी एकही पेपर तपासू शकले नाही. पनवेलच्या तळ्याभोवती चकरा मारल्या, बाजारात जाऊन नको ते विकत आणलं. एका दुपारी कारण नसताना उरणची गाडी पकडली, मोऱ्याच्या धक्क्यावर उतरले, दोन लाँचा येताना-जाताना बघितल्या आणि परतीच्या गाडीत बसले. सारखं डोळ्यांपुढे एकच यायचं. हे थर ज्या पातळ पडद्यावर उभे असतात, तो पडदा अजून शाबूत असेल का? बिघडलेल्या पेशी पडद्याच्या वरच असतील तर कापून काढता येतात. एकदा खाली उतरल्या की माणूस हातचा जाऊ शकतो. मधे जाडी केवढी, तर कागदाएवढीसुद्धा नाही. दोन वर्षं मी त्या पेशींना चालायला दिली होती.

त्याच आठवड्यात मी त्या मुलीचं जर्नल मागवलं. ते "रिपीट" खोडलं, सही केली, पैकीच्या पैकी दिले. ती पानाकडे बघत राहिली. मामा कुठं गेलेत, तिने विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं तिच्यामुळे काहीतरी वाईट झालं. मी तिला बसवलं आणि म्हटलं, तू नीट बघितलंस म्हणून कळलं, मी बघितलं नव्हतं. एवढं खरं मी त्या काळात फक्त तिच्यापाशी बोलले. तिने मान डोलावली आणि जर्नल छातीशी धरून गेली.

रिपोर्ट आला. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण पडदा शाबूत होता. आणखी सहा महिने गेले असते तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथल्या बाकावर बसून रडले, आणि मामांच्या बायकोनेच मला पाणी आणून दिलं. मामा समोर उभे राहून चुकल्यासारखे टोपी हातात फिरवत होते.

दिवाळीच्या आधी चट्टा कापून काढला, मांडीची कातडी घेऊन गालाला आतून लावली. मी ते ऐकलं तेव्हा हसू की रडू कळेना. गालाला आता खरोखरच कातडीच्या पेशी मिळाल्या होत्या.

ते घरी आल्यावर मी भेटायला गेले. शेतांत भात कापून झालं होतं, खळ्यात झोडणी चालली होती. वाटेतल्या दोन घरांतल्या बाया बाहेर येऊन बघायला लागल्या. मामांच्या बायकोने गावभर सांगून टाकलं होतं की कॉलेजच्या मॅडमनी मशिनीत बघितलं आणि माझा माणूस वाचवला. एकीने तर वाकून नमस्कार केला. मला पळून जावंसं वाटत होतं.

मामा ओटीवर खाटेवर बसले होते. डावा गाल आत ओढलेला, तोंड अर्धंच उघडत होतं. समोर पेजेची वाटी. मला बघून त्यांनी हाताने बसायला सांगितलं. राग ओसरला होता. बायको चहा टाकायला आत गेली. मी येताना रिक्षात जे घोकलं होतं ते बोलायला लागले. मामा, हे दोन वर्षांपूर्वीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी हात हलवून मला थांबवलं. मग एकेक शब्द सोडवत बोलले.

"मला दिसलं व्हतं, मॅडम. फोकस मीच लावतंय ना. ठिपकं कमी झालं तवाच पायलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुमी पन बघत व्हत्या. दर साली बघत व्हत्या. तुमी काय बोलला नाय. मंग म्हटलं, काय वंगाळ असतं तं मॅडम गप रायल्या नसत्या."

हे ते तक्रार म्हणून बोलले नाहीत. साधं कारण सांगावं तसं सांगितलं आणि पेजेचा घोट घेतला, तो अर्धा ओठातून सांडला, तो पुसला. दोन वर्षं हा माणूस मायक्रोस्कोपमधून स्वतःच्या गालाकडे बघत होता, मग माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून निर्धास्त घरी जात होता. मी बघतच नव्हते, मामा, हे वाक्य माझ्या घशापर्यंत आलं. तेवढ्यात बायको बाहेर आली. एका हातात चहा, दुसऱ्या हातात नव्या तांदळाची पिशवी, पाच-सहा किलोची तरी. तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्या मॅडमनी बघितलं म्हनून तुमी आज हितं बसल्यात."

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा त्यांना आता नक्की दिसला असणार, आणि त्यांना सगळं कळलंही असणार. ते बायकोकडे वळले.

"व्हय," ते म्हणाले. "मॅडमनीच बघितलं."

मी पिशवी घेतली.